मेनफ्रेमवर चिनी मजकूर युनिकोडमध्ये साठवताना: कोडपेज, लांबी आणि रूपांतर यांची पायरीपायरीने मांडणी

झू रोंगजी १९९८ ते २००३ या काळात चीनचे पंतप्रधान होते. त्यांच्या नावातलं ‘रोंग’ हे अक्षर चीनच्या १९८० सालच्या जीबी २३१२ या, संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातल्या ६,७६३ चिनी अक्षरांत नव्हतंच. तैवानमध्ये २००२ ते २००५ पंतप्रधान असलेल्या यू शी-कुन यांचं ‘कुन’ पारंपरिक चिनीच्या मूळ बिग-५ या कोडमध्ये सापडत नाही. पंतप्रधानाच्या नावाची ही कथा, तर दुर्मीळ अक्षराचं नाव लाभलेल्या साध्या खातेदाराच्या नावाचं काय होत असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही. आणि खातेदारांची नावं अजूनही मोठ्या प्रमाणावर मेनफ्रेमवरच, म्हणजे मोठ्या संस्थांच्या केंद्रीय संगणकांवरच, आहेत.

हा लेख आयबीएमच्या झेड/ओएस ही मेनफ्रेमची कार्यप्रणाली, डीबी२ हा डेटाबेस आणि कोबोल ही प्रोग्रामिंग भाषा यांच्यापुरता आहे. जुन्या एब्सिडिक (आयबीएम मेनफ्रेमचा जुना अक्षर-कोड) फाइल्समधला चिनी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक कोडमध्ये, आणायचा, तिथे तो धड ठेवायचा आणि बाहेर देताना बिघडू द्यायचा नाही, एवढं काम. या कामात दोनच गोष्टी सतत घात करतात: मजकूर कोणत्या कोडमध्ये आहे याची नोंद हरवणं, आणि लांबी बाइटमध्ये मोजली की अक्षरांत याचा घोळ. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच दोहोंभोवती फिरतात. हेक्स (सोळा अंकांच्या पद्धतीतले) आकडे देवनागरीत लिहिले आहेत; नऊच्या पुढचे अंक ए, बी, सी, डी, ई, एफ असे वाचावेत, आणि ‘यू+’ पुढचा आकडा म्हणजे अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक.

पहिली पायरी: हातात नेमकं काय आहे ते तपासा

आयबीएमच्या जगात प्रत्येक कोडला एक क्रमांक असतो, सीसीएसआयडी. सरलीकृत चिनीसाठी मेनफ्रेमवर जुना क्रमांक ९३५ आणि त्याच्यापेक्षा मोठा आवाका असलेला १३८८. पारंपरिक चिनीसाठी ९३७, आणि युरोचं चिन्ह सामावून घेणारा १३७१. पीसीच्या बाजूला, जीबी २३१२ नंतरच्या मोठ्या चिनी कोडांपैकी जीबीकेसाठी १३८६, जीबी १८०३० साठी ५४८८, बिग-५ साठी ९५०. युनिकोड बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतींत युटीएफ-८ म्हणजे १२०८ आणि युटीएफ-१६ म्हणजे १२००. हे आकडे तोंडपाठ असले की निम्मे वाद बैठकीतच मिटतात.

मेनफ्रेमवरचे ९३५ किंवा १३८८ हे मिश्र कोड आहेत. इंग्रजी अक्षरं आणि आकडे एका बाइटचे, चिनी अक्षरं दोन बाइटची. दोन बाइटवाला भाग शिफ्ट-आउट या बाइटने, म्हणजे ०ई ने सुरू होतो आणि शिफ्ट-इन म्हणजे ०एफ ने संपतो. पडद्यावर हे दोन्ही बाइट दिसत नाहीत, पण फील्डमध्ये जागा खातात. त्यामुळे ४० बाइटच्या फील्डमध्ये फार तर १९ चिनी अक्षरं मावतात.

आता कॉपीबुकवर (कोबोलमधलं फील्डांच्या मांडणीचं वर्णन) किंवा जुन्या कागदपत्रावर काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. आयएसपीएफ या मेनफ्रेमवरच्या संपादकात फाइल उघडा, ‘हेक्स ऑन’ करा आणि वेगवेगळ्या वर्षांतले रेकॉर्ड स्वतः वाचा. या खुणा शोधा:

- आकडे एफ० ते एफ९ दिसले तर एब्सिडिक, ३० ते ३९ दिसले तर ती फाइल पीसीकडून बायनरी म्हणून, म्हणजे रूपांतर न होता, आलेली आहे.
- ०ई आणि ०एफ यांच्या जोड्या जुळतात का? ०ई आहे आणि रेकॉर्ड संपेपर्यंत ०एफ नाही, तर कोणीतरी फील्ड मध्येच कापलं आहे.
- मोकळी जागा कोणती भरली आहे? एब्सिडिकमध्ये ४०, दोन बाइटच्या भागात ४०४०, युटीएफ-८ मध्ये २०.
- पत्त्यातले घरक्रमांक ४२एफ१, ४२एफ२ असे दिसतात का? ते रुंद आकडे आहेत. युनिकोडमध्ये ते साधे १, २ होत नाहीत, यू+एफएफ११, यू+एफएफ१२ होतात.

रुंद आकड्यांची गोष्ट बारीक वाटते, पण शोधात तिचा फार त्रास होतो. एकाच इमारतीचा पत्ता एका रेकॉर्डमध्ये साध्या आकड्यांत आणि दुसऱ्यात रुंद आकड्यांत असेल, तर संगणकाच्या लेखी ते दोन पत्ते. रूपांतर करताना हे आपोआप सारखं होईल असं गृहीत धरू नका. साठवताना मूळ तसंच ठेवा आणि शोधासाठी वेगळा सारखा केलेला कॉलम बनवा.

एकेरी बाइटच्या भागातही एक खड्डा आहे. इंग्रजीच्या कोड ०३७ मध्ये ५बी म्हणजे डॉलर, पण ९३५ च्या एकेरी भागात, म्हणजे ८३६ मध्ये, तोच ५बी म्हणजे युआनचं चिन्ह. रकमेच्या फील्डशेजारी हा बाइट दिसला की थांबून खात्री करा.

दुसरी पायरी: युटीएफ-८ की युटीएफ-१६, हे आधीच ठरवा

‘रोंग’ हे अक्षर घेऊन बघू. युनिकोडमध्ये ते यू+९५५५. युटीएफ-१६ मध्ये ते दोन बाइटचं, ९५ ५५. युटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, ई९ ९५ ९५. नेहमीची चिनी अक्षरं सगळी याच हिशेबात बसतात. पण दुर्मीळ अक्षरांसाठी युनिकोडने पुढे वेगळे पट्टे उघडले. २००१ साली आलेल्या विस्तार ‘बी’ मध्ये बेचाळीस हजारांहून जास्त अक्षरं आली. त्यातलं पहिलं यू+२०००० युटीएफ-१६ मध्ये डी८४० डीसी०० अशा जोडीने लिहिलं जातं आणि युटीएफ-८ मध्ये एफ० ए० ८० ८० असे चार बाइट घेतं. म्हणजे दोन्हीकडे चार.

नुसत्या जागेचा विचार केला तर चिनी मजकुराला युटीएफ-१६ स्वस्त पडतं, कारण दोन बाइटमध्ये भागतं. इंग्रजी आणि आकडे भरपूर असतील तर युटीएफ-८ स्वस्त. माझ्या मते मात्र जागा हा खरा निकष नाही. वर कोबोल चालतं की नाही, हा निकष आहे. कोबोलमधला ‘नॅशनल’ प्रकार युटीएफ-१६ चाच आहे आणि त्याच्याभोवती भाषेतली सगळी सोय पूर्वीपासून आहे. म्हणून नावं आणि पत्ते डीबी२ मध्ये युटीएफ-१६ मध्ये ठेवा. बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण युटीएफ-८ मध्ये करा. एंटरप्राइझ कोबोलच्या ६.३ आवृत्तीपासून युटीएफ-८ चा स्वतंत्र प्रकार, म्हणजे ‘पिक यू’, मिळतो. नवी प्रणाली कोऱ्या पाटीवर लिहायची असेल तर त्याचा विचार जरूर करा. युटीएफ-एब्सिडिक नावाचाही एक प्रकार कागदावर आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी: टेबल बनवताना लांबीचा हिशेब

डीबी२ मध्ये टेबल बनवताना ‘सीसीएसआयडी युनिकोड’ असं सांगावं लागतं. मग कॅर आणि व्हारकॅर (ठरावीक आणि बदलत्या लांबीचे) कॉलम युटीएफ-८ मध्ये जातात, ग्राफिक आणि व्हारग्राफिक युटीएफ-१६ मध्ये. एकाच टेबलात दोन्ही ठेवता येतात, आणि ठेवावेतही: खातेक्रमांक कॅरमध्ये, नाव व्हारग्राफिकमध्ये.

आता लांबी. झेड/ओएसवरच्या डीबी२ मध्ये व्हारकॅरची लांबी बाइटमध्ये असते. व्हारग्राफिकची लांबी दोन बाइटच्या एककांत असते. ग्राहकाला दिसतात ती अक्षरं. या तीन वेगळ्या लांब्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्या की काही महिन्यांनी कुठल्यातरी रात्रीच्या जॉबमध्ये नाव कापलं जातं.

जुन्या ४० बाइटच्या फील्डचं उदाहरण घेऊ. १९ चिनी अक्षरं युटीएफ-८ मध्ये ५७ बाइट होतात, व्हारग्राफिकमध्ये १९ एककं. ‘४० होतं, ४० ठेवलं’ असं करून व्हारकॅर ४० केला तर १३ अक्षरांच्या पुढचं सगळं बाहेर राहील. पण फक्त जुन्या डेटापुरता हिशेब करू नका. उद्या पडद्यावरून ४० अक्षरांचं नाव स्वीकारायचं असेल आणि त्यातलं प्रत्येक अक्षर विस्तार ‘बी’ मधलं असू शकतं असं धरलं, तर व्हारकॅर १६० लागेल आणि व्हारग्राफिक ८०. व्हारकॅर आणि व्हारग्राफिक प्रत्यक्ष मजकुराएवढीच जागा घेतात, त्यामुळे कमाल लांबी सढळ ठेवायला कचरू नका. कॉलमवर इंडेक्स असेल तर मात्र किल्लीची लांबी वाढते, तिथे आधी मर्यादा बघा.

अक्षरं मोजताना साधं ‘लेंग्थ’ वापरू नका. ‘कॅरॅक्टर लेंग्थ’ फंक्शनला ‘कोडयुनिट्स३२’ हा पर्याय द्या, तुकडा काढताना ‘सबस्ट्रिंग’लाही तोच द्या. मग चार बाइटचं अक्षरही एकच मोजलं जातं आणि मधोमध चिरलं जात नाही.

चौथी पायरी: रूपांतर

झेड/ओएसमध्ये रूपांतराचं काम युनिकोड सर्व्हिसेस करते. डीबी२, कोबोल, सीआयसीएस (व्यवहार चालवणारी प्रणाली) सगळे शेवटी तिच्याकडेच जातात, आणि झेड प्रोसेसरवर युटीएफ-८ आणि युटीएफ-१६ यांच्यातल्या रूपांतरासाठी खास हार्डवेअर सूचनाही आहेत. कोणती रूपांतरं मेमरीत चढली आहेत ते ऑपरेटर कन्सोलवर ‘डी यूएनआय,ऑल’ दिलं की दिसतं. पूर्वी हे तक्ते आधी बनवून ठेवावे लागत, झेड/ओएस १.७ पासून गरज पडली की ते आपोआप चढतात.

एखादी फाइल हातात घेऊन पटकन तपासायची असेल तर झेड/ओएसच्या युनिक्स भागातली ‘आयकॉन्व्ह’ आज्ञा सगळ्यात सोपी. तिला ‘कुठून’ म्हणून आयबीएम-१३८८ आणि ‘कुठे’ म्हणून युटीएफ-८ सांगा. पूर्ण रूपांतरापूर्वी हा प्रयोग लहान नमुन्यावर करा: एब्सिडिकमधून युनिकोडमध्ये न्या, परत एब्सिडिकमध्ये आणा आणि मूळ फाइलशी बाइट-बाइट ताडून बघा. फरक येतील. ०एफ नंतर लगेच ०ई अशा निरर्थक जोड्या, ज्या दोन फील्ड जोडताना तयार झालेल्या असतात, त्या गळून पडतील. ०ई ०एफ ही रिकामी जोडीही जाईल. ते चालतं. बाकी प्रत्येक फरकाचं कारण सापडलं पाहिजे.

न जुळलेल्या अक्षराच्या जागी संगणक पर्यायी चिन्ह टाकतो आणि बहुतेक वेळा जॉब निमूटपणे पूर्ण होतो, रिटर्न कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. म्हणून रूपांतरानंतर शोध घ्या: युटीएफ-८ मध्ये ईएफ बीएफ बीडी, युटीएफ-१६ मध्ये एफएफएफडी, एकेरी बाइटमधून आलेलं १ए, आणि उलट्या दिशेने गेलेल्या मजकुरात एफईएफई. यातलं एकही सापडलं तर तिथे कोणाचंतरी अक्षर हरवलेलं आहे.

काही चिन्हं हरवत नाहीत, पण वेगळ्या घरी जातात. जीबी २३१२ मधला ‘मधला ठिपका’ (·) काही तक्त्यांत यू+००बी७ होतो, काहींत यू+३०एफबी. लांब आडवी रेघ काहींत यू+२०१४, काहींत यू+२०१५. शिंजियांगमधल्या उईघुर नावांच्या चिनी लेखनात हा मधला ठिपका नावाचाच भाग असतो. मेनफ्रेमवर एका तक्त्याने रूपांतर झालं आणि वेब सर्व्हरवर दुसऱ्याने, तर त्याच माणसाची दोन नावं होतात. एक तक्ता निवडा, लिहून ठेवा आणि आत येणाऱ्या प्रत्येक वाटेवर तोच लावा.

पाचवी पायरी: घरच्या घरी बनवलेली अक्षरं

सगळ्यात जास्त वेळ याला द्यावा लागतो, आणि वेळापत्रकात सगळ्यात कमी वेळ यालाच दिलेला असतो.

जुन्या कोडमध्ये हवं ते अक्षर नसेल तर संस्थेने ते स्वतः बनवावं म्हणून जागा राखून ठेवलेल्या होत्या: ९३५ मध्ये १,८८०, ९३७ मध्ये ६,२०४. टर्मिनल आणि प्रिंटरच्या फॉन्टमध्ये चित्र काढायचं, त्याला यातला एक कोड द्यायचा, काम भागलं. पण त्या कोडला अर्थ फक्त त्या संस्थेपुरता. तोच कोड दुसऱ्या संस्थेत दुसरंच अक्षर दाखवतो. रूपांतर केल्यावर हे सगळे युनिकोडच्या खासगी पट्ट्यात, यू+ई००० ते यू+एफ८एफएफ या ६,४०० जागांमध्ये, जाऊन बसतात. तांत्रिकदृष्ट्या रूपांतर यशस्वी असतं. खातेदाराच्या फोनवर मात्र तिथे रिकामा चौकोन दिसतो.

करायचं ते असं. आधी सगळ्या फाइल्स चाळून राखीव पट्ट्यातले कोणते कोड प्रत्यक्षात वापरले आहेत आणि किती वेळा, ते मोजा. मग जुन्या फॉन्टमधून प्रत्येकाचं चित्र काढा. चित्र बघून आजच्या युनिकोडमध्ये ते अक्षर कुठे आहे ते शोधायचं, आणि हे चिनी उत्तम जाणणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यायचं. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन अक्षरांत एका रेघेचा फरक असतो. तेवढ्याने नाव बदलतं. आता बहुतेक अक्षरांना खरी जागा मिळते. जीबी १८०३० ची २०२२ ची आवृत्ती १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली आणि तिच्या तिसऱ्या स्तरात ८७,८८७ चिनी अक्षरं आहेत. पूर्वी खासगी पट्ट्यात दाखवलेली काही अक्षरंही तिने खऱ्या जागी हलवली.

हा जुना कोड ते नवी जागा असा तक्ता डीबी२ मध्येच टेबल करून ठेवा, दोन्ही दिशांनी वापरता येईल असा. ज्या अक्षराला खरंच जागा सापडली नाही ते खासगी पट्ट्यातच राहू द्या, पण त्याची यादी वेगळी ठेवा. ‘दिसायला जवळचं’ अक्षर बसवून मोकळं होऊ नका. माणसाचं नाव आहे ते.

सहावी पायरी: कोबोल प्रोग्राम

फील्ड ‘पिक एन’ लिहून सोडू नका, पुढे ‘यूसेज नॅशनल’ स्पष्ट लिहा. ‘एनसिम्बॉल’ या कंपाइलर पर्यायानुसार नुसत्या ‘पिक एन’चा अर्थ युटीएफ-१६ किंवा जुना दोन बाइटचा एब्सिडिक यांपैकी काहीही होऊ शकतो, आणि कंपाइल दोन्ही वेळा बिनतक्रार होतं. दहा लांबीचं ‘पिक एन’ फील्ड २० बाइट घेतं, हे फाइलच्या लेआउटमध्ये धरा.

साध्या फील्डमधून नॅशनल फील्डमध्ये ‘मूव्ह’ केलं की कंपाइलर आपोआप रूपांतर करतो, पण मूळ कोड कोणता हे तो ‘कोडपेज’ पर्यायावरून ठरवतो. हा पर्याय न देता कंपाइल केलं तर ११४० धरला जातो, म्हणजे इंग्रजी, आणि चिनी मजकुराचा चुथडा होतो. त्यापेक्षा ‘नॅशनल-ऑफ’ आणि ‘डिस्प्ले-ऑफ’ ही फंक्शन्स वापरा आणि दुसऱ्या जागी सीसीएसआयडी हाताने लिहा: आत घेताना १३८८, युटीएफ-८ बाहेर देताना १२०८. प्रोग्राम वाचणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं.

युटीएफ-८ मजकूर साध्या ‘पिक एक्स’ फील्डमध्ये ठेवलात तर एक गंमत नसलेली गोष्ट घडते. उरलेली जागा कोबोल एब्सिडिकच्या ४० ने भरतं. युटीएफ-८ मध्ये ४० म्हणजे ‘ॲट’चं चिन्ह. समोरच्या प्रणालीला नाव मिळतं आणि त्याच्यामागे ॲटची रांग. लांबी वेगळी पाठवा किंवा आधी फील्ड २० ने भरून घ्या.

बाहेरून आलेला युटीएफ-८ मजकूर वापरण्याआधी ‘यूव्हॅलिड’ फंक्शनने तपासा: शून्य म्हणजे ठीक, नाहीतर पहिला बिघाड कुठे आहे ती जागा मिळते. लांबीसाठी ‘यूलेंग्थ’, तुकड्यासाठी ‘यूसबस्ट्र’. मजकूर कापायचाच असेल तर बाइट मोजून कापू नका. मधल्या बाइटवर, म्हणजे ८० ते बीएफ यातल्या बाइटवर, येऊन थांबलात तर अक्षराच्या सुरुवातीपर्यंत मागे या.

डीबी२ शी बोलताना व्हारग्राफिकच्या होस्ट व्हेरिएबलमधला (डीबी२ शी देवाणघेवाण करणारं प्रोग्राममधलं फील्ड) लांबीचा आकडा बाइटचा नसतो, दोन बाइटच्या एककांचा असतो. युटीएफ-८ होस्ट व्हेरिएबल असेल तर ‘डिक्लेअर व्हेरिएबल’ने त्याचा सीसीएसआयडी १२०८ सांगा, नाहीतर डीबी२ ते एब्सिडिक समजून पुन्हा रूपांतर करेल.

सातवी पायरी: आत-बाहेरच्या वाटा

एफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीचं नेहमीचं मजकूर रूपांतर एका बाइटच्या कोडसाठी असतं. ते मिश्र चिनी मजकुराचं वाटोळं करतं. ‘साइट’ आज्ञेने ‘एन्कोडिंग’ ‘एमबीसीएस’ करा आणि ‘एमबीडेटाकॉन’मध्ये दोन्ही कोड सांगा. मजकूर आधीच युटीएफ-८ असेल तर सरळ बायनरी पाठवा. युनिक्स भागातल्या फाइल्सना ‘सीएचटॅग’ने कोडचा टॅग लावा. एमक्यू या संदेश पोचवणाऱ्या प्रणालीत संदेशाच्या मथळ्यातला कोडचा आकडा खरा हवा; पाठवणाऱ्याने तो चुकीचा भरला तर घेणाऱ्याने कितीही रूपांतर मागितलं तरी उपयोग नाही. सीआयसीएसमध्ये चॅनेल-कंटेनर वापरा, कंटेनर कॅरॅक्टर प्रकारचा ठेवा आणि घेताना हवा तो सीसीएसआयडी मागा.

मेनफ्रेमच्या ३२७० टर्मिनलच्या पडद्यावर मात्र एब्सिडिकच जातं. एम्युलेटर (तेच टर्मिनल पीसीवर दाखवणारा प्रोग्राम) १३८८ वर लावला तरी त्या कोडच्या आवाक्याबाहेरची अक्षरं तिथे दिसणार नाहीत. अशा पडद्यावरून नाव ‘दुरुस्त’ करून परत साठवायची परवानगी दिलीत, तर आधीच्या पायऱ्यांत वाचवलेली अक्षरं एका एंटरमध्ये जातील. त्या पडद्यावर नावाचं फील्ड फक्त वाचायला ठेवा.

आठवी पायरी: क्रम आणि शोध

युटीएफ-८ बाइटनुसार लावलं तर क्रम युनिकोडच्या क्रमांकांप्रमाणे येतो. युटीएफ-१६ मध्ये तसं होत नाही, कारण दुर्मीळ अक्षरांच्या जोड्या डी८ ने सुरू होतात आणि ई००० च्या पुढच्या अक्षरांच्या आधी येतात. दोन फाइल्स जुळवणाऱ्या जॉबमध्ये एक युटीएफ-८ आणि दुसरी युटीएफ-१६ क्रमाने लावलेली असेल तर जुळणी चुकते. माणसाला हवा असलेला क्रम उच्चाराप्रमाणे किंवा रेघांच्या संख्येप्रमाणे असतो. त्यासाठी डीबी२ चं ‘कोलेशन की’ फंक्शन आहे. ते महाग पडतं, तेव्हा किल्ली आधीच काढून कॉलममध्ये ठेवा.

नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणणं, करताना एक लक्षात ठेवा: एफ९०० ते एफएएफएफ या पट्ट्यातली जवळपास सगळी अक्षरं एनएफसी (असं एक ठरलेलं रूप) केल्यावर दुसऱ्या अक्षरांत बदलतात. नावाच्या मूळ कॉलमवर ते चालवू नका, शोधाच्या कॉलमवर चालवा.

चालू करण्याआधी आणि नंतर

चाचणीच्या नावांत ही असायलाच हवीत: ‘रोंग’ असलेलं एक, ‘कुन’ असलेलं एक, विस्तार ‘बी’ मधलं एक, मधल्या ठिपक्याचं एक, घरच्या अक्षराचं एक, रुंद आकड्यांचा पत्ता, आणि फील्ड काठोकाठ भरणारं सगळ्यात लांब नाव. प्रत्येक नाव भरा, साठवा, बाहेर पाठवा, परत आणा आणि हेक्समध्ये ताडा. ‘कुन’ म्हणजे यू+५८०३, युटीएफ-८ मध्ये ई५ ए० ८३. कुठल्याही टप्प्यावर हे बाइट बदलले तर तो टप्पा सापडला.

चालू झाल्यावर पर्यायी चिन्हं आणि खासगी पट्ट्यातली अक्षरं शोधणारा जॉब रोज रात्री लावा. नव्या वाटेने आलेला बिघाड त्यात दुसऱ्या दिवशी दिसतो, आणि तेव्हा मूळ संदेश अजून हाताशी असतो. जुन्या एब्सिडिक फाइल्स, त्यांचे फॉन्ट आणि पाचव्या पायरीतला तक्ता एकत्र जपा; ज्या अक्षरांना आज जागा नाही त्यांना युनिकोडच्या पुढच्या आवृत्तीत ती मिळाली, की याच तीन गोष्टींवरून ती नावं पुरी करता येतात.